चौसष्ट अक्षरं माझ्यासोबत वाचणाऱ्या मुलीला

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव कुठे घालू नका असं तू बजावलं होतंस, म्हणून ते घालत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. सांगलीतल्या आपल्या इमारतीत तू तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्यावर. जिन्यात भेटलीस की "काकू, लॅपटॉप काय म्हणतोय?" असं विचारतेस, मी "छान चाललाय" म्हणते आणि तू दोन-दोन पायऱ्या गाळत खाली जातेस. एवढ्या मोठ्या उपकाराला एवढंसं उत्तर मला बरं वाटत नाही.

मी मुद्रितशोधक. लोक पुस्तक वाचतात, मी पुस्तकाची प्रुफं वाचते, आणि त्यावर माझं घर चालतं. लॅपटॉप २०१६ सालचा, चार जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो; माझा सहाव्या पिढीतला. दुरुस्तीवाल्याने झाकण उघडूनसुद्धा न बघता सांगितलं, "भंगारात द्या, नवीन घ्या." हातात एका कोशाचं काम होतं, मुदत पाच आठवड्यांची, आणि नव्या लॅपटॉपचे पैसे नव्हते. त्या संध्याकाळी जिन्यात तू फक्त "काय झालं काकू?" म्हणालीस आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तू त्याच रात्री आलीस. मला वाटलं, आता पेनड्राइव्ह लावशील आणि भराभर काहीतरी करशील. तू लॅपटॉपला हातही लावला नाहीस. समोर बसून विचारलंस, "तुम्ही दिवसभर यावर नेमकं काय काय करता?" मी सांगत गेले आणि तू एका वाचून झालेल्या प्रुफाच्या पाठीमागे लिहीत गेलीस: पीडीएफवर खुणा, इनस्क्रिप्ट कळफलकाने टायपिंग, मेल, बिलांचा तक्ता, जुन्या फाइली. जुन्या फाइलींपाशी तू थांबलीस. त्या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या आणि तो फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर चालायचा, ते विंडोजऐवजी तू बसवणार होतीस त्या लिनक्स मिंट या प्रणालीवर चालणार नव्हतं. हे तू आधीच स्पष्ट सांगितलंस, लपवलं नाहीस. दोन संध्याकाळी बसून आपण एकेक फाइल उघडली, तिची पीडीएफ केली आणि सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं. कॉपी झालेल्या फोल्डरमधल्या चार-पाच फाइली तू मला उघडून बघायला लावल्यास. ही काळजी तू घेतली नसतीस तर माझं दहा-बारा वर्षांचं काम गेलं असतं. काम शिकवतात पुष्कळ जण, जपून कसं करायचं ते सांगणारे थोडे.

मग तुझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट उतरवून घेतलं, एक्सएफसीई आवृत्ती, कारण ती कमी रॅमवर हलकी चालते. फाइल जवळपास तीन जीबीची. ती धड उतरली का, हे पाहायला तू एक आज्ञा दिलीस आणि पडद्यावर अक्षरांची एक लांबलचक ओळ आली. चौसष्ट अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. मिंटच्या संकेतस्थळावरही तशीच ओळ होती. तू म्हणालीस, "फाइलीतला एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ही अख्खी ओळ बदलते. संगणक क्षणात जुळवून देईल. पण काकू, हे तर तुमचं काम आहे. मी वाचते, तुम्ही तपासा."

पोरी, मी या धंद्यात आले तेव्हा प्रुफं अशीच वाचायचे. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून जुळवायची. पुढे तो जोडीदार गेला आणि एकटीने वाचायची सवय झाली. त्या रात्री तू मोबाइलवरून "तीन, सी, सात, सात, एफ..." असं चार-चारच्या गटाने वाचत होतीस आणि माझं बोट पडद्यावर सरकत होतं. चौसष्टावं अक्षर जुळलं आणि माझी भीती तिथेच गेली. तोवर ते सगळं तुमचं, संगणकवाल्या मुलांचं होतं. त्यानंतर ते माझंही झालं.

लगेच बसवायलाही तू तयार नव्हतीस. "आधी पेनड्राइव्हवरूनच दोन दिवस वापरा, हार्ड डिस्कला काही होणार नाही. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, तुमचं जुनं जसंच्या तसं आहे." लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ दाबून ठेवायचं मी त्याच दोन दिवसांत शिकले. तिसऱ्या दिवशी "चला, बसवूया" हे मी म्हटलं, तू नाही. बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून तू तुमच्या इन्व्हर्टरवरून एक्स्टेन्शन वायर जिन्यातून खाली सोडलीस. डिस्क पुसून मिंट बसवण्याचा पर्याय आला तेव्हा माऊस माझ्या हातात दिलास आणि मी तो दाबेपर्यंत शांत बसलीस.

पट्टी पुढे सरकत होती तेव्हा तू मला लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सची गोष्ट सांगितलीस. हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, १९९१ च्या ऑगस्टमध्ये त्याने आपण लिहीत असलेल्या प्रणालीबद्दल जगाला कळवलं आणि तुम्हाला काय हवंय ते सांगा, असं विचारलं. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा मुक्त प्रणालीचा प्रकल्प जाहीर केला होता. "फुकट म्हणून नाही काकू, मुक्त म्हणून. यातल्या प्रोग्रामचा मजकूर कोणीही वाचू शकतं, चूक दाखवू शकतं, दुरुस्त करू शकतं." मला हे एका वाक्यात समजलं. प्रुफं सगळ्यांसमोर पसरलेली आहेत आणि लाल पेन कोणाच्याही हातात असू शकतं!

बसवून झालं आणि वाय-फाय दिसेना. तू घाबरली नाहीस. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलंस, ड्रायव्हर मॅनेजर उघडून हवा तो ड्रायव्हर घेतलास, एकदा बंद-चालू केलं आणि वाय-फाय आलं.

खरी अडचण मला दुसऱ्या दिवशी दिसली. टायपिंग नीट होतं. शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ दाबली की "ऱ्य" नेहमीसारखा उमटत होता. पण "ल" आणि "श" हिंदी वळणाचे. राज्याच्या २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, आणि माझ्या डोळ्यांना तोच हवा. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, "वाचता येतंय ना, मग झालं." तू रात्री नऊ वाजता कॉलेजचं सबमिशन बाजूला ठेवून खाली आलीस, लिब्रेऑफिस या लिहिण्याच्या प्रोग्रामच्या तळच्या पट्टीकडे बघितलंस. तिथे भाषा "हिंदी" होती. मजकूर निवडून तू "मराठी" केलंस आणि माझ्या डोळ्यांदेखत पानावरच्या सगळ्या लकारांना पाकळ्या फुटल्या. फॉन्ट तोच, लोहित. त्याच्यात दोन्ही वळणं होती, भाषा सांगायचीच खोटी. हा फॉन्टसंच पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेला आणि पुढे रेड हॅट या कंपनीने सर्वांसाठी खुला केलेला, हेही तूच शोधून सांगितलंस.

कोश वेळेत गेला. लॅपटॉप अजून त्याच टेबलावर आहे. मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील.

आणि एक सांगायचं राहिलंय. मिंटच्या एका मेनूत मला ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली होती, आठवतं? तू म्हणाली होतीस, कळवा. मी कळवली. आता मराठी भाषांतरातल्या आणखी ओळी रोज जेवणानंतर थोड्या-थोड्या तपासते आहे.

गेल्या रविवारी माझ्या वहिनींच्या लॅपटॉपवर मिंट मीच बसवलं. वहिनींनी चष्मा लावून मोबाइलवरून ओळ वाचली, मी पडद्यावर बोट ठेवून तपासली. पन्नासाव्या अक्षराला त्या म्हणाल्या, "पुरे आता, सगळं बरोबरच आहे." मी म्हटलं, "नाही वहिनी, चौसष्टपर्यंत वाचा."

तुझी,
पहिल्या मजल्यावरची काकू