मधल्या जाडीवरून मागच्या अ‍ॅक्सलचे बळ ठरत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आडवाटेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मागच्या अ‍ॅक्सल शाफ्टची, म्हणजे चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांची, तुलना करणारा लेख वाचला. गाडीचा रंग, टचस्क्रीन आणि मायलेज यांपलीकडे जाऊन कोणीतरी तिच्या पोटात डोकावले, याचा आनंद झाला. मात्र लेखासोबतच्या तक्त्यात प्रत्येक शाफ्टची मध्यभागी मोजलेली जाडी देऊन त्याच क्रमाने गाड्यांची प्रतवारी लावली आहे, आणि यंत्र अभियांत्रिकी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती खटकल्यावाचून राहिली नाही.

जाडीला महत्त्व नाही, असे माझे म्हणणे नाही. उलट लेखात म्हटले आहे त्याहून ते अधिक आहे. पीळ सोसण्याची भरीव गोल दांड्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ मिलिमीटरचा केला, तर जाडी दहा टक्के वाढते पण ताकद तेहेतीस टक्के वाढते. अमेरिकी जीपवाल्यांमध्ये डाना ४४ आणि डाना ६० या अ‍ॅक्सलांची तुलना नेहमी होते. पहिल्याच्या तीस स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकाला कोरलेल्या, गिअरमध्ये बसणाऱ्या उभ्या दात्यांच्या) शाफ्टचा व्यास १.३१ इंच आणि दुसऱ्याच्या पस्तीस स्प्लाइनच्या शाफ्टचा १.५० इंच; फरक पाव इंचही नाही, तरी पोलाद एकच धरले तर ताकदीत दीडपट अंतर पडते. पण हा व्यास स्प्लाइनचा आहे, शाफ्टच्या पोटाचा नव्हे. शाफ्ट तुटतो तो त्याच्या सर्वांत अशक्त जागी, आणि ती जागा बहुधा स्प्लाइनच्या खाचेच्या तळाशी किंवा जेथे व्यास एकदम बदलतो त्या खांद्यावर असते. कित्येक चांगल्या शाफ्टांचा मधला भाग मुद्दाम कातून खाचेच्या तळाइतका बारीक केलेला असतो, म्हणजे पीळ एका ठिकाणी न साठता साऱ्या लांबीभर पसरतो आणि शाफ्ट स्प्रिंगसारखा थोडा वळून धक्का पचवतो. आपल्या तक्त्यात असा शाफ्ट शेवटच्या क्रमांकावर जाईल.

याचा धडा मला घरच्याच जुन्या जीपने दिला. घाटात मागचा शाफ्ट तुटला, मूळ सुटा भाग मिळेना, म्हणून एका लेथवाल्याकडून नवा करून घेतला. त्याने मोठ्या आपुलकीने मधला भाग मुळापेक्षा चांगला जाड ठेवला आणि मीही, शिक्षक असूनही, त्या जाडीवर खूश झालो. काही महिन्यांतच तो तुटला, आणि नेमका जाड भाग संपून स्प्लाइन सुरू होते त्या काटकोनी खांद्यावर तुटला. तुटलेल्या तोंडावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा एकामागून एक वक्र रेषा होत्या. याचा अर्थ तो एका झटक्यात गेला नव्हता, रोज थोडाथोडा चिरत गेला होता. खांद्याला गोलाई दिली असती आणि जाडी उलट कमी केली असती, तर तो अधिक टिकला असता.

दुसरा मुद्दा शाफ्टवर येणाऱ्या भाराचा. ताकदीचा आकडा भाराशेजारी ठेवल्याखेरीज त्याला अर्थ नसतो. २०२३ मध्ये आपल्याकडे विक्रीस आलेल्या मारुती सुझुकीच्या जिम्नीचे उदाहरण घेऊ. इंजिनाचा कमाल टॉर्क (पिळाचा जोर) १३४ न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.४२५, लो रेंजचे (अवघड वाटेसाठीच्या मंद पण जोरकस गिअरचे) २.००२ आणि क्राउन-पिनियनचे (इंजिनाकडून आलेला पीळ शाफ्टांकडे वळवणाऱ्या दात्यांच्या जोडीचे) ४.०९; हे सारे गुणले की घर्षणाची गळती सोडून चाकांकडे सुमारे ४,८५० न्यूटन-मीटर पोहोचतात. पुढची चाके चिखलात मोकळी फिरत असतील, मागचे एक चाक हवेत असेल आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी) पूर्ण लॉक असेल, म्हणजे दोन्ही शाफ्ट एकत्र जखडलेले असतील, तर हा सारा पीळ एकट्या शाफ्टवर येऊ शकतो. ३० मिलिमीटरच्या दांड्यात (हा व्यास केवळ हिशेबासाठी घेतला आहे) त्याने पृष्ठभागावर ९०० मेगापास्कलहून अधिक कातरताण (पोलादाचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) निर्माण होईल, आणि तो साध्या पोलादाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

तरीही रोज शाफ्ट तुटत नाहीत, याचे कारण टायर घसरतो हे आहे. चाकावर ६०० किलो भार, पकडीचा गुणांक ०.८ आणि चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर धरली, तर सुमारे १,६०० न्यूटन-मीटरच्या पुढे चाक जागेवर फिरू लागते आणि वरच्या हिशेबातला ताण एक तृतीयांशावर येतो. म्हणजे टायरची घसरण हीच शाफ्टची सुरक्षा-झडप आहे. मोठे टायर बसवणारे हौशी लोक तीच झडप आवळत जातात, कारण त्रिज्या वाढते आणि खरबरीत टायरमुळे पकडही वाढते. फिरते चाक दोन दगडांमध्ये एकाएकी अडकले, तर हा हिशेबही कोलमडतो. तेव्हा इंजिन आणि गिअरांच्या फिरत्या भागांचा सारा जोर शाफ्टवर आदळतो. चढावर गाडीचे वजन मागे सरकते, म्हणून मागच्या शाफ्टचा प्रश्न पुढच्यापेक्षा आधी उभा राहतो.

लॉकचा उल्लेख लेखात नाही, ही मला त्यातली सर्वांत मोठी उणीव वाटते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टांना नेहमी समान पीळ मिळतो, त्यामुळे कोणत्याही एकावर अ‍ॅक्सलच्या निम्म्याहून अधिक भार येत नाही. जिम्नीसारख्या गाडीत घसरणारे चाक ब्रेकने धरले जाते, तेव्हाही ही समानता टिकते. फोर्सच्या गुरखासारख्या गाडीत पुढे-मागे लॉक असतात. लॉक लावताच पकड असलेल्या एकाच चाकाचा शाफ्ट सारा भार घेऊ शकतो. तेव्हा साध्या डिफरन्शियलच्या गाडीत बाहेरून आणलेला लॉक बसवणाऱ्याने शाफ्टवरचा संभाव्य कमाल भार दुप्पट केलेला असतो, मग तक्त्यात त्या शाफ्टची जाडी काहीही असो.

तिसरा मुद्दा रचनेचा. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी बोल्टांचे गोल कडे सर्वांनी पाहिले असेल. ते बोल्ट सोडले की चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. ही फुल फ्लोटिंग रचना होय. तिच्यात गाडीचे वजन हाउसिंगवर, म्हणजे शाफ्टभोवतीच्या नळीवर, बसलेला हब (चाक ज्यावर बसते तो भाग) उचलतो आणि शाफ्टला फक्त पीळ सोसावा लागतो. बहुतेक हलक्या गाड्यांत सेमी फ्लोटिंग रचना असते व तिच्यात शाफ्ट पीळही सोसतो आणि वजनामुळे येणारा बाकही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात या बाकाचा ताण उलटसुलट होतो. सुमारे ७० सेंटिमीटर व्यासाचा टायर एक लाख किलोमीटरमध्ये साडेचार कोटींहून अधिक फेरे घेतो. त्यात चाक बाहेर सरकवण्यासाठी स्पेसर घातला, तर भर आणखी पडते. भाराची रेषा बेअरिंगपासून ५० मिलिमीटर दूर होती ती ३० मिलिमीटरच्या स्पेसरने ८० वर गेली, की बाक साठ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचा मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग होता, हे आजच्या शौकिनांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. अशा रचनेत शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. उलट काही सेमी फ्लोटिंग अ‍ॅक्सलांत शाफ्टला केवळ आतल्या टोकाची सी आकाराची क्लिप धरून ठेवते. तेथे शाफ्ट तुटल्यास चाक शाफ्टसकट बाहेर निसटू शकते, आणि घाटात याचा अर्थ काय हे सांगायला नको.

पोलादाविषयी थोडक्यात लिहितो. ईएन-८ सारखे मध्यम कार्बनचे पोलाद आणि ईएन-२४ सारखे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचे पोलाद यांच्या ताकदीत उष्णतोपचारानंतर मोठा फरक पडतो, मात्र लवचिक मर्यादेत एकसारख्या पिळाने दोन्ही सारखेच वळतात. इंडक्शनने, म्हणजे विजेने तापवून, कठीण केलेल्या पृष्ठभागाचा लाभही मोठा असतो, कारण पिळाचा ताण पृष्ठभागावरच सर्वाधिक असतो. ही माहिती व्हर्नियरने मोजता येत नाही, ती उत्पादकाकडूनच मागवावी लागते.

पुढील वेळी असा तक्ता छापताना स्प्लाइनची संख्या, खाचेच्या तळाचा व्यास, अ‍ॅक्सलची रचना, लॉक आहे की नाही आणि लो रेंजमधील एकूण गुणोत्तर, एवढे रकाने तरी असावेत. क्राउन-पिनियन किती टॉर्क सोसतो हाही एक रकाना असावा, कारण शाफ्ट त्याच्यापेक्षा बळकट झाला तर पुढच्या दगडावर दाते तुटतील. शाफ्ट डोंगरात तासाभरात बदलता येतो. क्राउन-पिनियनसाठी गाडी ओढत गावात न्यावी लागते.

आपला,
एक निवृत्त तंत्रनिकेतन अध्यापक, कोल्हापूर