दौलताबादहून नंदुरबारकडे

कन्नड बसस्थानक,
रविवार, दुपार

प्रिय दत्ता,

चाळीसगावच्या गाडीला अजून तासभर आहे, म्हणून बाकड्यावर बसूनच लिहायला घेतलं. इब्न बतूताचं तुला मागं सांगितलं होतं ना? १३२५ साली, एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतल्या तँजियरचं घर सोडून निघालेला प्रवासी गडी. १३४२ च्या सुमारास महंमद तुघलकाचा दूत म्हणून चीनला जायला निघाला आणि आपल्या दौलताबादेवरून पुढं नंदुरबारला गेला. तेवढा तुकडा आपणही करायचा, असं कैक वर्षं घोकत होतो. यंदा निघालो, आणि हिलाही बरोबर घेतलं.

काल किल्ला पाहिला. बतूता लिहितो, वरच्या गडावर चामड्याच्या शिडीनं चढत आणि रात्री ती वर ओढून घेत. आता खंदकावर पूल आहे. अंधारीत, म्हणजे गडाच्या त्या काळोख्या भुयारी वाटेत, शिरलो तसं हिनं माझ्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं. मोबाइलचा उजेड पाडला, तर हिच्या मनगटावर भाजल्याचा बोटभर लांब डाग.

"हे कधी झालं?"

"झाली की तीन वर्षं. तव्याची कड लागली. तुम्ही साइटवर होता."

त्यानंतर मी किती वेळा घरी आलो असेन, दत्ता! दर वेळी त्याच हातानं मला वाढलं.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बतूता इथल्या द्राक्षं-डाळिंबांचं कौतुक करतो, गाणारणींच्या तरबाबाद बाजारातले गालिचेसुद्धा त्याच्या ध्यानात राहिले. मालदीवात चार लग्नं केली, पण बायकांची नावं बहुतेक सांगतच नाही. त्याला दोष द्यावा म्हटलं तर जीभ रेटेना. पाइपलाइनचा कुठला वॉल्व्ह कितव्या किलोमीटरवर आहे, ते मला झोपेतून उठवून विचार, सांगेन. परतताना त्याला वाटेत कळलं, वडील जाऊन १५ वर्षं झाली. १३४९ ला मुलखात पोचला, तर आईही प्लेगात गेलेली.

ही शेजारी सीताफळ खातेय, बिया कागदात गोळा करतेय. काय लिहिता एवढं, म्हणाली. वाचून दाखवलं. डागाचं ऐकून म्हणाली, "ते खोडा बाई, भावजींना कशाला?"

खोडलं नाही. गाडी लागली बघ. नंदुरबारहून फोन करतो.

तुझाच,
माधव