ढोलपथकातल्या आपल्या मुलासाठी तातडीचे आवाहन

सप्रेम नमस्कार वि. वि.

कोणासाठी लिहितो आहे हे कोपरीत वेगळे सांगायला नको. पथकात पहिल्या रांगेत ताशा घेऊन असतो तो. वय २३, घरी आई आणि बारावीतली बहीण. आईच्या विनंतीवरून नाव छापत नाही. घोडबंदर रोडवर टेम्पोने त्याची बाइक उडवली एवढे सर्वांना कळले. पुढे काय झाले हे विचारायला फारसे कोणी आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

हँडल पोटावर जोरात आपटले. वरून नुसते खरचटलेले. जिथे आधी नेले तिथे पोट मऊ लागते म्हणून रात्रीच घरी सोडले. आमचा संताप झाला. मात्र नंतर सर्जनसाहेबांनी समजावले की स्वादुपिंड आणि ड्युओडेनम (जठरानंतरचा, लहान आतड्याचा साधारण २५ सेंटिमीटरचा पहिला भाग) पोटात पार मागे, मणक्यालगत असतात. हँडल आणि मणका यांच्यामध्ये ते चिरडले तरी सुरुवातीचे काही तास पोट फारसे बोलत नाही, सीटी स्कॅन आणि रक्तातले अमायलेज (स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य) सुद्धा ठीक दिसू शकते. दुसऱ्या दिवशी हिरव्या उलट्या आणि ताप सुरू झाला, तेव्हा पुन्हा स्कॅन झाला. स्वादुपिंडाचे डोके चिरडलेले, ड्युओडेनम फाटलेले. या दुखापतींच्या पाच श्रेणी असतात, ही पाचवी, म्हणजे सर्वांत गंभीर.

पहिल्या ऑपरेशनमध्ये दुरुस्ती केलीच नाही, आणि तेच बरोबर होते. रक्तस्राव थांबवला, गळती बंद केली, पॅड भरून पोट उघडेच झाकून ठेवले आणि त्याला आयसीयूत हलवले. अंग गार पडलेले, रक्त गोठत नाही, अशा अवस्थेत पाच-सहा तासांचे ऑपरेशन रुग्णाला सोसत नाही. दोन दिवसांनी तब्येत जरा सावरल्यावर व्हिपल शस्त्रक्रिया झाली. स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम, पित्ताशय काढून उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला जोडले. आता स्वादुपिंडाचा जोड झिरपतो आहे. हा रस पचवणाराच, जिथे गळेल तिथले मांस खातो. म्हणून पोटात नळ्या ठेवल्या आहेत, पोषण काही शिरेतून, काही थेट आतड्यात घातलेल्या नळीतून. डॉक्टर म्हणतात असे जोड बहुधा आपोआप भरतात, पण आठवडे लागतात. खर्च खरा इथे आहे. अपघातग्रस्तांसाठीच्या केंद्राच्या योजनेत दीड लाख रुपये आणि सात दिवस मिळतात, ते दोन्ही संपले. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज केला आहे, उत्तर यायचे आहे.

आपल्या मंडळाने आजवर कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवलेले नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात अण्णांनी स्वतःच्या घरच्या पातेल्यांत खिचडी शिजवली होती. जुन्या मंडळींना तो वास अजून आठवत असेल. रुग्णोपयोगी साहित्याची खोली त्यांच्याच आग्रहाने सुरू झाली. खाटा, वॉकर, कमोडच्या खुर्च्या पूर्वेकडच्या कितीतरी घरांत जाऊन आल्या आहेत. पहिली खाट बाजारपेठेतल्या कापडवाल्या शेठनी दिली आणि पाटीवर नाव घालू दिले नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत २०२१ मध्ये ऑक्सिजनचे कॉन्सन्ट्रेटर आले ते शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंच्या ठेवीतून. बाई अजूनही दर पाडव्याला पाकीट पाठवतात, आणि यंदा त्यांनी सर्वांत आधी, मी विचारण्याआधी, पाठवले. रिक्षा स्टँडवरची मंडळी रात्री रुग्णालयात आळीपाळीने बसतात. त्यांचे आभार कसे मानायचे मला कळत नाही.

आता जरा कडू. ग्रुपवर नमस्काराचे हात खूप आले, पावतीपुस्तक मात्र जवळजवळ कोरे आहे. नव्या टॉवरमध्ये गेलो तर गेटवरच ‘आमची समिती ठरवेल’ असे उत्तर मिळाले. याच टॉवरच्या लॉबीत गेल्या गणपतीत हा मुलगा घामाघूम होऊन वाजवत होता, तेव्हा व्हिडिओ काढायला सगळे खाली होते. असो. मागच्या वर्षी डायलिसिसच्या आवाहनालाही हेच झाले आणि आम्ही गप्प बसलो. या वेळी गप्प बसणार नाही.

हवे आहेत अजून चार लाख. धनादेश मंडळाच्या नावे, मागे ‘वैद्यकीय निधी’ लिहावे. क्यूआर कार्यालयाच्या शटरवर लावला आहे, पैसे पाठवल्यावर स्क्रीनशॉट खजिनदारांना पाठवा. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. कार्यालय रोज संध्याकाळी ७ ते ९. रुग्णालयाची बिले तिथे फाइलला लावली आहेत, कोणीही पाहावीत.

रक्तदान शिबिर येत्या रविवारी ९ ते १, मंडळाच्या सभागृहात. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, आधीच्या रक्तदानाला पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिने झालेले असावेत. उपाशीपोटी येऊ नये. आयसीयूत भेटायला गर्दी करू नका, त्यापेक्षा आईचा डबा कोण कधी देणार ते वहिनींकडे नोंदवा. गुरुवार आणि शनिवार रिकामे आहेत.

आपला,
सचिव