‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे अर्धसत्य

महोदय,

विंडोज १० च्या नेहमीच्या अपडेटची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हापासून कराडच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुने लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली आहे. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम त्यांना हवी असते. ‘यात लिनक्स टाकून द्या, व्हायरसची कटकटच नको!’ आपल्या पुरवणीतल्या लेखाचाही सूर तोच होता. लिनक्स टाकून देण्यावर माझं पोट चालतं, तरी हे मला पटत नाही.

सिस्टीमच्या फाइलींना हात लावायचा तर लिनक्स पासवर्ड मागतं, हे खरं. पण घरच्या मशीनवर चोरण्यासारखं असतं काय? आधार-पॅनचे स्कॅन, लग्नाचे फोटो, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे सगळं होम फोल्डरमध्ये, तुमच्याच नावावर. तुम्ही स्वतः चालवलेला प्रोग्रॅम ते वाचणार असेल तर सुडोचा (म्हणजे सिस्टीममध्ये बदल करताना लागणारा) पासवर्ड आड येत नाही. त्यामुळे यूट्यूबवर कुणी सांगितलं म्हणून अनोळखी कमांड टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवणं बंद करा. सॉफ्टवेअर तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या तुम्ही वापरता त्या प्रकाराच्या) अधिकृत भांडारातूनच घ्या, ब्राउझरची एक्स्टेन्शन मोजकीच ठेवा.

भांडारही अगदी सोवळ्यातलं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या पॅकेजात (५.६.० आणि ५.६.१) चोरदरवाजा सापडला. एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने छडा लावला म्हणून कळलं. त्या आवृत्त्या डेबियन या डिस्ट्रोच्या स्थिर, तपासून दिलेल्या शाखेपर्यंत पोचल्याच नव्हत्या. म्हणून मी घरगुती गिऱ्हाइकाला एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची स्थिर आवृत्तीच देतो. नव्याची हौस पोरांनी करावी.

खरा घोळ अपडेट मिळण्याच्या मुदतीचा. परवा एका वकीलसाहेबांचं मशीन आलं, त्यावर उबुंटू या डिस्ट्रोची १८.०४ ही आवृत्ती. ‘अपडेटसाठी कधी त्रासच देत नाही,’ म्हणून खूश! त्रास देणार कुठून, त्या आवृत्तीची नेहमीची मुदत मे २०२३ मध्येच संपली. उबुंटू प्रो या सेवेतली जादा मुदत घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत फुकट मिळते, पण ती आपण होऊन जोडावी लागते. ती त्यांनी जोडलेली नव्हती, आणि अशिलांची कागदपत्रं त्याच मशीनवर.

लॉगिनच्या पासवर्डवर ज्यांचा फार विश्वास असतो, त्यांच्यासमोर मी काउंटरवरच लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्याच्यावरूनच लिनक्स चालतं असा) लावून मशीन सुरू करतो आणि पासवर्ड न टाकता त्यांच्याच घरचे फोटो उघडून दाखवतो. चेहरे बघण्यासारखे होतात. यावर उपाय डिस्क एन्क्रिप्शनचा, म्हणजे वेगळ्या पासवर्डशिवाय डिस्क वाचताच येऊ नये अशी ती कुलूपबंद करण्याचा. इन्स्टॉल करतानाच तो पर्याय निवडावा, नंतर करायचं म्हणजे बहुधा सगळं पुसून पुन्हा मांडणं आलं. मात्र तो पासवर्ड विसरलात तर मीही काही करू शकत नाही, तेव्हा बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवाच. उबुंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्यांना अडवणारी भिंत) असते, पण बंद. ती चालू करावी. एसएसएच सर्व्हर लागत नसेल तर काढून टाकावा.

उबुंटू २२.०४ आणि मिंट या दुसऱ्या डिस्ट्रोची २१ ही आवृत्ती, या दोन्हींची नेहमीची मुदत २०२७ मध्ये संपते. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बऱ्याच जणांकडे हीच आहेत. पुरवणीत लिनक्सचं कौतुक छापताना शेजारी एका चौकटीत या तारखाही द्याव्यात, ही विनंती.

– एक संगणक दुरुस्तीवाला, कराड