पारोळा रोडवरच्या पेंटरभाऊंना, सुईच्या टोपणाबद्दल

भाऊ, रामराम.

गाड्या रंगवणारा माणूस 75 मिलिमीटरच्या रेझिनच्या शिपायाच्या मूर्तीकडे कशाला बघेल? तुम्ही मात्र आधी हात पुसलेत, मगच माझा एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं पेनासारखं यंत्र, हातात घेतलात.

ज्यांनी तो मला विकला त्यांचं ऐकलं असतं, तर आज घरात दुसरा कॉम्प्रेसर आला असता. शिपायाच्या चेहऱ्यावर शिंतोडे उडतात म्हटलं की त्यांचं एकच पालुपद: प्रेशर कमी पडतंय, मोठा घ्या. विकण्याआधी हेच लोक पहिल्या रिंगला फोन उचलायचे.

तुम्ही एअरब्रशच्या रंगाच्या कपात पाणी घालून फवारा मारलात. बुडबुडे आले नाहीत, म्हणजे 0.3 मिलिमीटरचं नोझल, रंग बाहेर पडतो ते तोंड, शाबूत. नोझलमधली सुई तशीच मागे ओढली नाहीत. वाकडं टोक नोझल चिरतं, म्हणून आधी नोझल उतरवलंत. मग टोक नखावरून फिरवलंत आणि ते अडकलं. डोळ्याला धड दिसतही नव्हतं ते वाकलेलं टोक! त्यावर रंग साचतो, वाळतो, आणि सुटला की थेट गालावर. सुई काचेवर आडवी ठेवून गोल फिरवत टोकाच्या उलट दिशेला ओढलीत, 2000 नंबरच्या ओल्या वॉटर पेपरवर घासलीत, शेवटी पॉलिशचं कंपाउंड.

उन्हाचंही तुम्हीच सांगितलंत. धुळ्याच्या मे महिन्यात ॲक्रिलिकचा फवारा फिगरपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि चेहरा खरखरीत होतो. गाडीला उन्हाळ्यात स्लो थिनर लागतं, तसे इथे रंग उशिरा वाळवणाऱ्या रिटार्डरचे दोन-तीन थेंब. रंग दुधाइतका पातळ, प्रेशर 15 पीएसआय, अंतर तीन-चार बोटं, काम सकाळचं. ट्रिगर सोडताना आधी रंग बंद, मग हवा.

पण खरे आभार टोपणाचे. सुई परत देताना तुम्ही संपलेल्या रिफिलची नळी बोटभर कापलीत, थिनरमध्ये धुतलीत आणि टोकावर चढवलीत. कुणी मागितलं नव्हतं. बाहेर एका गाडीचा मालक सारखं घड्याळ बघत होता आणि तुम्ही नळीचा काठ ब्लेडने साफ करत होतात. माणुसकीवर भाषणं ठोकणारे पुष्कळ भेटतात, भाऊ. असा काठ साफ करणारे कमी.

चेहरा आता गुळगुळीत उतरलाय. पगडी झाली की दाखवायला आणतो. मिशी तुम्हाला जाड वाटेल. ती साध्या ब्रशने काढलीय, तिचा दोष सुईला देऊ नका.