माल बदलला, वर्णन तेच ठेवले: वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टरबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
(कंपनीचे नाव व पत्ता पाकिटावर छापल्याप्रमाणे)

विषय: सुती, वासरहित म्हणून विकलेले गादीचे आवरण प्रत्यक्षात सिंथेटिक व सुगंधित निघाल्याबाबत, ते परत घेण्यास नकार दिल्याबाबत आणि सोबतच्या माहितीपत्रकातील मजकुराबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे सिंगल बेडच्या मापाचे वॉटरप्रूफ मॅट्रेस प्रोटेक्टर आमच्या घरी गेली काही वर्षे नियमित वापरात आहे. जुने विरले की आपल्याच संकेतस्थळावरून नवे मागवायचे, असा आमचा परिपाठ होता आणि या काळात आपल्याविषयी तक्रार करण्याचे कारण कधी पडले नाही. या पावसाळ्याच्या तोंडावर मी नेहमीप्रमाणे दोन आवरणे मागवली. संकेतस्थळावरचे नाव, छायाचित्र आणि वर्णन तेच होते: वरचा थर शंभर टक्के सुती टेरी कापडाचा, आवाज न करणारे, वासरहित. पाकीटही तेच होते. आत मात्र गुळगुळीत पॉलिएस्टर कापडाचे, कूस बदलली की प्लॅस्टिकच्या पिशवीसारखे चुरचुरणारे आणि लॅव्हेंडरचा उग्र वास असलेले आवरण निघाले. आवरणाच्या कडेला शिवलेल्या पट्टीवर कापडाचा प्रकार 'पॉलिएस्टर' असा स्पष्ट छापला आहे. त्या पट्टीचे, पाकिटाचे आणि संकेतस्थळावरील वर्णनाचे छायाचित्र या पत्रासोबत जोडले आहे.

कापड थोडे वेगळे आले एवढ्यासाठी इतके लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटण्याची शक्यता आहे. म्हणून हे आवरण आमच्या घरात काय काम करते, ते आधी सांगतो.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, मोजके शब्द बोलतो, आणि बहुतेक रात्री झोपेत त्याला लघवी होते. लघवीतील जंतुसंसर्ग, मधुमेह आणि बद्धकोष्ठता ही तीन कारणे बालरोगतज्ज्ञांनी तपासून पाहिली आहेत. बद्धकोष्ठतेचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते आणि स्वमग्न मुलांच्या ठरावीक खाण्यामुळे ती त्यांच्यात वारंवार आढळते. झोपेत लघवी होणे ही मुलाची खोड नसते आणि आळस तर नाहीच. रात्री लघवीचे प्रमाण कमी ठेवणारे संप्रेरक काही मुलांत पुरेसे स्रवत नाही, काहींचे मूत्राशय रात्रीची लघवी साठवण्यास अपुरे पडते, आणि मूत्राशय भरल्याची सूचना मिळूनही मेंदू झोपेतून जागा होत नाही. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि दोघांना असेल तर सुमारे ७७ टक्के असते. मला स्वतःला प्राथमिक शाळेत असेपर्यंत तो होता. पाच वर्षांच्या मुलांपैकी साधारण १५ टक्के मुलांना हा त्रास असतो आणि वय वाढेल तसा तो दरवर्षी काहींचा आपोआप थांबतो. स्वमग्न मुलांत तो अधिक प्रमाणात आणि अधिक वर्षे राहतो, कारण भूक, तहान, लघवीची भावना असे शरीराच्या आतून येणारे संकेत ओळखणे त्यांच्यापैकी अनेकांना जागेपणीही अवघड जाते.

यावर उपाय आहेत. ओलाव्याने वाजणारा अलार्म हा त्यातला एक प्रमुख उपाय मानला जातो. पण ज्या मुलाला मिक्सरचा आवाजही असह्य होतो, त्याला मध्यरात्री कानाशी कर्कश घंटा वाजवून उठवणे आम्हाला शक्य झाले नाही. औषधाबाबतचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. तोपर्यंत, आणि कदाचित त्यानंतरही, आमच्या घराची झोप एका साध्या व्यवस्थेवर उभी आहे. गादीवर आवरण, त्यावर चादर, त्यावर पुन्हा दुसरे आवरण आणि दुसरी चादर. रात्री अंथरूण ओले झाले की वरची जोडी उचलायची. खाली कोरडे अंथरूण तयारच असते. दिवा लावायचा नाही, बोलायचे नाही. न्हाणीघराच्या दारावर लावलेल्या चित्रांच्या क्रमाने मुलगा धुऊन, कपडे बदलून परत येतो आणि पुन्हा झोपतो. आम्ही रत्नागिरीत राहतो. जून ते सप्टेंबर या काळात इथे रुमाल वाळायला दोन दिवस लागतात; कापसाची गादी एकदा भिजली तर ती वाळत नाही, कुबट होते आणि शेवटी टाकूनच द्यावी लागते. या व्यवस्थेत आवरण ही चैनीची वस्तू नाही.

मुलाने त्या आवरणाचा स्वीकार करायलाही मोठा काळ लागला होता. झोपण्यापूर्वी तो चादरीखाली हात घालून टेरीच्या खरखरीत कापडावरून तळवा फिरवतो, आणि मगच आडवा होतो. ही जागा आपली आहे, हे त्याला त्या स्पर्शाने कळते. नवीन आवरण घातले त्या रात्री त्याने हात घातला, लगेच काढून घेतला आणि तो खोलीबाहेर गेला. वासामुळे त्याला उलटी झाली. आवरण अनेकदा धुतले, पण वास पूर्ण गेला नाही आणि चुरचुर तर जाणारच नव्हती. तेव्हापासून तो दिवाणखान्यात उघड्या फरशीवर झोपू लागला. त्याची आजी तिथे गोधडी अंथरते, ती रात्री भिजते आणि या हवेत वाळत नाही. झोप मोडल्याचे परिणाम दिवसा शाळेत दिसू लागले आणि हात चावण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू झाली. पुढे नव्यापैकी एक आवरण आम्ही जुन्या सुती चादरीत गुंडाळून वापरून पाहिले, तेव्हा कडेच्या शिवणीतून ओल झिरपली आणि गादी खराब झाली. म्हणजे ज्या एका कामासाठी ही वस्तू विकली जाते, तेही ती करत नाही.

स्वमग्न मुलांना बदल चालत नाही, असे सरसकट बोलले जाते. माझा अनुभव निराळा आहे. आधी सांगितलेला, चित्रातून दाखवलेला, हातात देऊन ओळख करून दिलेला बदल माझा मुलगा स्वीकारतो. त्याच्या शाळेने गणवेशाचे कापड बदलले तेव्हा शिक्षिकांनी त्याचा एक तुकडा बराच आधी घरी पाठवला होता. तो तुकडा आधी त्याच्या दप्तरात राहिला, मग उशीजवळ, आणि गणवेश आला तेव्हा त्याने तो निमूटपणे घातला. आपण कापड बदलले याला माझी हरकत असू शकत नाही. सूत महागले असेल, पुरवठादार बदलला असेल, तो आपला व्यवसाय आहे. पण पाकिटावर 'कापड बदलले आहे' एवढे तीन शब्द छापले असते, तर आम्ही जुन्या मालाची दोन आवरणे शोधून ठेवली असती, किंवा मुलाला नव्याची सवय लावायला वेळ घेतला असता, किंवा ते घेतलेच नसते. वर्णन तेच ठेवून माल बदलल्यामुळे ही संधी आपण आमच्याकडून काढून घेतली. माझी मुख्य तक्रार ही आहे.

यानंतर मी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला. प्रतिनिधीने प्रथम मुलाचे वय विचारले आणि ते ऐकल्यावर, "एवढ्या मोठ्या मुलाला अजून? आईने सवय लावली नाही का?" असा प्रश्न केला. मी एका सदोष वस्तूबद्दल बोलत होतो. जी बाई गेली कित्येक वर्षे एकही रात्र सलग झोपलेली नाही, तिच्याविषयी हे शब्द ऐकून घेण्याचे मला काही कारण नव्हते. त्या कर्मचाऱ्यावर कारवाई व्हावी अशी माझी इच्छा नाही. त्याला कोणी शिकवलेच नसावे. परंतु अंथरूण ओले होण्यावरची वस्तू विकणाऱ्या कंपनीकडे फोन करणारे बहुतेक ग्राहक अशाच घरांतले असणार. मोठी मुले, दिव्यांग व्यक्ती आणि अंथरुणाला खिळलेले वृद्ध या वस्तूचे ग्राहक आहेत, एवढे तरी आपल्या प्रशिक्षणात यायला हवे.

त्या प्रतिनिधीला दोष देण्यापूर्वी आपण आपलेच माहितीपत्रक वाचावे, ही विनंती. नव्या पाकिटात 'ओल्या अंथरुणाची वाईट सवय मोडा' या मथळ्याचा रंगीत कागद आहे. त्यावर महिन्याचा तक्ता छापला असून कोरड्या रात्रीसाठी सोनेरी चांदणी आणि ओल्या रात्रीसाठी रडका चेहरा चिकटवायला सांगितले आहे. ज्या गोष्टीवर झोपलेल्या मुलाचा ताबाच नाही, तिच्यासाठी त्याला रोज सकाळी रडका चेहरा द्यायचा, हे कोणत्या वैद्यकीय सल्ल्यावर आधारले आहे ते कळवावे. ब्रिटनमधील 'नाईस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१० मध्ये या विषयावर काढलेल्या मार्गदर्शिकेत बक्षीस कोरड्या रात्रीसाठी देऊ नये, तर दिवसा पुरेसे पाणी पिणे, झोपण्यापूर्वी लघवीला जाणे अशा मुलाच्या हातात असलेल्या गोष्टींसाठी द्यावे, असे म्हटले आहे. शिक्षा तर करूच नये. माझा मुलगा चित्रांतून जग समजून घेतो. त्याला चेहऱ्यांची चित्रे ओळखायला थेरपीमध्ये शिकवली आहेत, आणि त्या कागदावरचा रडका चेहरा त्याला नेमका कळला. कागद मी उचलून ठेवला, तरी तो पुढे बरेच दिवस अंथरूण भिजले की स्वतःच्या गालावरून बोट खाली ओढून आम्हाला 'रडणे' अशी खूण करून दाखवत असे. आपला कागद घरात येण्यापूर्वी त्याला भिजलेल्या अंथरुणाची लाज ठाऊक नव्हती. ती त्याच्यापर्यंत पोहोचू नये म्हणून आम्ही नातेवाइकांशी वाईटपणा घेतला आहे आणि मुक्कामाच्या लग्नांना जाणे सोडले आहे. (आपल्या खोक्यावरही बाहेरून मोठ्या अक्षरांत 'बेड-वेटिंग' असे छापलेले असते, शेजारच्या घरी ठेवलेले पार्सल आणायला जाताना ते किती त्रासाचे होते, याचाही विचार व्हावा.)

माल परत घेण्याबाबत मला ई-मेलने असे उत्तर मिळाले की, आरोग्याच्या कारणास्तव उघडलेले पाकीट परत घेता येत नाही. पाकीट बंद असताना त्यावर 'सुती' असे लिहिलेले आहे. ते सुती नाही, हे उघडल्याशिवाय कळण्याचा कोणताही मार्ग ग्राहकाला नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेली गुणवैशिष्ट्ये नसलेला किंवा सदोष माल परत घेण्यास नकार देता येत नाही. तसेच ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये मालाचा दर्जा वा प्रकार याविषयी खोटे निवेदन करणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे. आपले अंतर्गत धोरण या तरतुदींच्या वर असू शकत नाही. त्याच ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत तिची पोच आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण अपेक्षित आहे.

माझ्या मागण्या अवाजवी नाहीत. दोन्ही आवरणांची पूर्ण किंमत आणि खराब झालेल्या गादीची भरपाई मिळावी; गादीची पावती सोबत आहे. जुन्या सुती टेरीच्या मालापैकी काही साठा कोणत्याही गोदामात शिल्लक असल्यास त्यातील आवरणे मला विकत द्यावीत. त्यांची किंमत मी आनंदाने देईन, आणि खरे सांगायचे तर पैसे परत मिळण्यापेक्षा मला याची गरज अधिक आहे. संकेतस्थळावरील व पाकिटावरील वर्णन ताबडतोब दुरुस्त करावे आणि यापुढे कापड, अस्तर किंवा सुगंध यांत बदल झाल्यास तो पाकिटाच्या दर्शनी बाजूवर छापावा. शक्य असल्यास नियमित ग्राहकांना नव्या कापडाचा तळहाताएवढा नमुना आधी पाठवण्याची सोय करावी; कापडाच्या तुकड्याला कंपनीचा फारसा खर्च येणार नाही. माहितीपत्रक मागे घ्यावे, आणि नवे काढायचे असेल तर ते बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये नोंदलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे आणि माझ्या मुलाकडे तसे प्रमाणपत्र आहे. तरीही मी त्याच्या नावाने सवलत मागत नाही. सुती म्हणून विकलेली वस्तू सुती असावी, हा कोणत्याही ग्राहकाचा हक्क आहे.

महिनाभरात समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्कही लागत नाही, याची मी माहिती करून घेतली आहे.

आपले उत्तर लेखी, ई-मेलने पाठवावे. कृपया फोन करू नये. दुपारी मुलगा झोपलेला असतो, आणि सध्या त्याची तेवढीच सलग झोप होते.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी

सोबत: खरेदीची पावती, गादीची पावती, आवरणावरील पट्टी, पाकीट, संकेतस्थळ व माहितीपत्रक यांची छायाचित्रे, आपल्या ई-मेलची प्रत.