वर्गातली कमतरता कागदावर आली पाहिजे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या शाळांबद्दल आपल्याकडे जे छापून येतं ते बहुतेक चांगलंच असतं, मोठी इमारत, हिरवंगार मैदान, प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप. खोटं नाहीये ते. मी टेक्सासमधल्या एका सरकारी मिडल स्कूलमध्ये सहावीला सायन्स शिकवते, एक्स्चेंज व्हिसावर आलेय, तिसरं वर्ष चालू आहे, आणि मैदान लॅपटॉप सगळं माझ्याही शाळेत आहे. पण पहिल्या वर्षी ३२ मुलांच्या वर्गात वजन करायला चालू स्थितीतले काटे किती होते, तर चार. बाकीचे कपाटात होते पण कुणाची तबकडी गायब, कुणाचा काटा शून्यावरच येत नाही. या चार काट्यांवरून मला जे कळलं ते लिहायचंय, कारण दरवर्षी आपले शिक्षक इकडे येतात आणि माझ्या ओळखीतल्या जवळजवळ सगळ्यांनी पहिल्या वर्षी तीच चूक केली जी मी केली.

झालं असं की घनतेचा प्रयोग होता. वस्तूचं वजन करायचं, पाण्यात बुडवून आकारमान काढायचं, भागाकार करायचा, एवढंच. आठ आठ मुलं एका काट्याभोवती, पुढची दोघं वजन करतायत, मागची टाचा वर करून बघतायत, आणि एक मुलगी, अतिशय हुशार, ती पूर्ण तासभर काट्याला हातही न लावता शेजारणीच्या वहीतून आकडे उतरवून घेत बसली. मी विचारलं तर म्हणाली, मिस, माझा नंबर येईपर्यंत बेल होते. त्या शनिवारी मी दुकानात गेले आणि स्वतःच्या पैशाने चार डिजिटल काटे घेऊन आले. मग कॉपियरचा महिन्याचा कोटा संपला म्हणून कागदाची रिमं आणली, मग मार्कर, मग सर्दीच्या दिवसात टिश्यूचे डबे, मग ज्या मुलांकडे वह्या नव्हत्या त्यांच्यासाठी वह्या. हिशोब ठेवला नाही. मुलांचं काम अडू नये एवढंच डोक्यात होतं आणि नवीन माणसाने आल्या आल्या मागायचं कसं हाही संकोच होताच.

प्रिन्सिपल मॅडम एक दिवस वर्गात आल्या, आठ गट आठ काट्यांवर काम करतायत हे बघून खूश झाल्या, फोटो काढला, पालकांच्या न्यूजलेटरमध्ये छापला. मलाही छान वाटलं. मग एप्रिलमध्ये पुढच्या वर्षीच्या बजेटची मीटिंग झाली तेव्हा मी म्हटलं, सायन्सला दहा काटे हवेत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि सायन्सची ओळ दाखवली. वर्षभरात लॅबच्या सामानाची एकही मागणी नाही. म्हणाल्या, तुमच्याकडे तर काटे आहेत, मीच फोटो काढलाय ना.

त्या खोटं बोलत नव्हत्या हो. त्यांच्या कागदावर खरंच कमतरता नव्हती. ती मी माझ्या पगारातून बुजवून टाकली होती, त्यामुळे त्यांनी डिस्ट्रिक्टला, म्हणजे भागातल्या सगळ्या सरकारी शाळा चालवणाऱ्या कार्यालयाला, काही कळवलं नाही, डिस्ट्रिक्टने स्कूल बोर्डाला, म्हणजे त्याच्या वरच्या मंडळाला, कळवलं नाही, आणि बोर्डासमोर जे बजेट गेलं त्यात आमची लॅब अगदी व्यवस्थित होती. माझे पैसे गेले त्याचं मला फार नाही, पण पुढच्या वर्षीच्या मुलांचे काटे मी घालवले हे माझ्या मनातून अजून जात नाही.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१८ मध्ये आकडे जाहीर केले होते, २०१४-१५ या शाळेच्या वर्षाचे. सरकारी शाळांमधल्या ९४ टक्के शिक्षकांनी वर्गासाठी स्वतःचे पैसे घातले आणि ते परत मिळाले नाहीत, सरासरी ४७९ डॉलर. शंभरात चौऱ्याण्णव म्हणजे हा काही कुणाचा चांगुलपणा राहिला नाही, व्यवस्थाच त्यावर उभी आहे. लोक म्हणतात टॅक्समध्ये सूट मिळते की. मिळते, पण ती नीट समजून घ्या. २००२ पासून २५० डॉलरची वजावट होती, २०२२ मध्ये ती ३०० झाली. वजावट म्हणजे ३०० डॉलर परत मिळत नाहीत, तेवढ्या उत्पन्नावरचा टॅक्स वाचतो. १२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ३६ डॉलर, २२ च्या टप्प्यात असाल तर ६६. एवढंच.

मग पैसा नाहीच का शाळेकडे? इथेच खरी गंमत कळायला मला एक पूर्ण वर्ष लागलं आणि तीही शेजारच्या वर्गातल्या एका सिनियर बाईंमुळे, त्यांची सव्वीस वर्षं नोकरी झालीये. त्या म्हणाल्या, तू मॅडमना विचारतेस की पैसे आहेत का, त्या नाही म्हणतात, संपलं. तू असं विचार की कुठल्या फंडातून होईल. पैसा असतो पण वेगवेगळ्या डब्यांमध्ये आणि एका डब्यातला दुसऱ्यात घालता येत नाही. मैदानाचं नवीन टर्फ, म्हणजे कृत्रिम हिरवळ, आमच्याकडे बाँडमधून झालं, म्हणजे लोकांनी मतदान करून बांधकामासाठी कर्ज काढायला परवानगी दिली, त्यातून कॉपियरचा कागद आणला तर तो नियमभंग. म्हणून टर्फकडे बघून प्रिन्सिपलवर चिडण्यात अर्थ नसतो. शिक्षकांचे पगार, वीज, बस हे जनरल फंडातून, आणि त्यातला बहुतेक पैसा पगारातच जातो, प्रिन्सिपलच्या हातात मोकळा असा फार थोडा उरतो. त्यात टेक्सासमध्ये राज्याचा पैसा पटावर किती मुलं आहेत त्यावर मिळत नाही, सरासरी रोज किती मुलं हजर राहिली त्यावर मिळतो. म्हणजे फ्लूची साथ आली की मुलंही घरी आणि पैसाही कमी, वर्ग मात्र तेवढेच चालवायचे.

गरीब वस्तीतल्या शाळांना केंद्र सरकारकडून टायटल वन नावाचा पैसा येतो, आमच्याही शाळेला येतो. १९६५ चा कायदा आहे, प्रेसिडेंट जॉन्सननी केलेला. हे जॉन्सन स्वतः तरुणपणी १९२८ मध्ये दक्षिण टेक्सासच्या कोटुला गावात गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवायचे आणि पहिल्या पगारातून त्यांनी मुलांसाठी खेळाचं सामान घेतलं होतं. मला हे वाचून भरून आलं. म्हणजे ही सवय किती जुनी आहे बघा. पण त्यांनी पुढे नुसतं सामान घेत बसण्याऐवजी कायदा केला. टायटल वनच्या पैशाची मुख्य अट अशी की डिस्ट्रिक्टने जो खर्च एरवी करायलाच हवा त्याच्या जागी हा वापरायचा नाही, त्याच्या वर जादा म्हणून वापरायचा. आणि दुसरं, शाळेचा जो वार्षिक इम्प्रूव्हमेंट प्लॅन, म्हणजे सुधारणेचा आराखडा, असतो त्यात त्या खर्चाला आधार पाहिजे. प्लॅनमध्ये तुमच्या प्रयोगांची ओळच नसेल तर एप्रिलमध्ये कितीही पोटतिडकीने बोला, काही होत नाही. आणि हा प्लॅन करणाऱ्या समितीत शिक्षक असतात, कायद्यानेच असावे लागतात! मला पहिलं पूर्ण वर्ष माहीतच नव्हतं, आमच्या शाळेत ती एक जागा कितीतरी महिने रिकामी होती कारण संध्याकाळच्या मीटिंगला कुणी तयार होत नव्हतं.

आता कुणी म्हणेल मग सगळा दोष शिक्षकांचाच का. अजिबात नाही. मुळातच इथे शाळेचा बराच पैसा स्थानिक प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, म्हणजे घरं महाग तिथे शाळा श्रीमंत. यावर सॅन अँटोनियोमधल्या एजवूड भागातल्या पालकांनी १९६८ मध्ये केस केली, डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाचे गृहस्थ त्यात पुढे होते. त्या केसमधले आकडे बघा, १९६७-६८ चे. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट दराने टॅक्स भरत होते आणि त्याच शहरातल्या श्रीमंत अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंटने, पण केंद्राचा राज्याचा सगळा मिळून एजवूडच्या मुलावर वर्षाला ३५६ डॉलर खर्च होत होता आणि अलामो हाइट्सच्या मुलावर ५९४. म्हणजे गरीब माणूस जास्त दराने टॅक्स भरून कमी मिळवत होता. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही आणि ही पद्धत घटनाबाह्य नाही. एका मताने गेलं सगळं. पुढे १९८९ मध्ये टेक्सासच्याच सुप्रीम कोर्टाने राज्याच्या घटनेच्या आधारावर एजवूडच्या बाजूने निकाल दिला आणि मग १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून काही पैसा काढून घेण्याची पद्धत आली, तरी तफावत गेलेली नाही. कोविडच्या काळात केंद्राने तीन टप्प्यांत शाळांना मिळून सुमारे १९० अब्ज डॉलर दिले, तो पैसा वापरायला घेण्याची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपली, आणि त्यातून जी जास्तीची माणसं नेमली होती त्यांचा पगार कुठून द्यायचा या विवंचनेत कितीतरी डिस्ट्रिक्ट अडकले. हे सगळं प्रिन्सिपलच्या डोक्यावर असतं. मी त्यांची बाजू घेत नाहीये, पण समोरच्या माणसाच्या हातात काय आहे आणि काय नाही हे माहीत असलं तर भांडण नीट करता येतं.

व्हिसाचं मात्र वेगळं दुखणं आहे आणि ते उघड बोललं जात नाही म्हणून लिहिते. आमचा व्हिसा तीन वर्षांचा, फार तर दोन वर्षं वाढवून मिळतो, आणि त्यासाठी शाळेची तयारी लागते. त्यामुळे आपला शिक्षक मीटिंगमध्ये मान खाली घालून बसतो. मी बसलेय ना. वाटतं, काटे मागितले आणि कटकटी बाई म्हणून नाव झालं तर एक्स्टेन्शनचं काय होईल. कुणी धमकी दिलेली नसते, आपणच घाबरून असतो. टेक्सासमध्ये सरकारी शाळेतल्या शिक्षकांना संप करायलाही बंदी आहे आणि युनियनला पगाराची सामूहिक बोलणीही करता येत नाहीत, तेव्हा इथल्या शिक्षकांचाही आवाज तसा बारीकच. २०१८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया, ओक्लाहोमा, ॲरिझोना इथले शिक्षक रस्त्यावर आले होते, ओक्लाहोमातल्या शिक्षकांनी फाटक्या पुस्तकांचे फोटो लोकांना दाखवले होते. मला त्यातली फोटोची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांनी मोडकं होतं ते मोडकंच दाखवलं. मी मात्र मोडकं कपाटात ठेवलं आणि नवीन काट्यांचा फोटो काढू दिला.

लोकांकडून देणगी मागण्याचा मार्गही आहे. २००० साली न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या एका शिक्षकाने डोनर्सचूज सुरू केलं, त्यावर शिक्षक लिहितात मला अमुक हवंय आणि कुणीही पैसे देतं. माझ्या मैत्रिणीला त्यातून मायक्रोस्कोप मिळाले, मला आनंदच आहे. पण कागद आणि काटे हे अनोळखी लोकांकडून मागायची वेळ का यावी, हे माझ्या पचनी पडत नाही. आणि तिथेही तेच होतं, वस्तू येते आणि कमतरता हिशोबातून गायब होते. निदान ती वस्तू दानातून आली हे प्रिन्सिपलना मेलवर कळवून ठेवा.

गेल्या वर्षी मी ऑक्टोबरमध्येच कपाट उघडून सगळे मोडके काटे टेबलावर मांडले, फोटो काढले आणि मेल लिहिला. किती मुलं, किती काटे, एका मुलाच्या वाट्याला किती मिनिटं येतात, राज्याच्या अभ्यासक्रमातला कुठला प्रयोग अडतो, ऑर्डर कुठल्या मान्य विक्रेत्याकडून आणि किती डॉलरची, सगळं एका पानात. माझे चार काटे मी घरी नेले. ते नेताना हात जड झाले होते, कारण पुन्हा आठ मुलं एका काट्याभोवती, पण नेले. समितीतल्या त्या रिकाम्या जागेवरही बसले. प्रिन्सिपल मॅडम चिडल्या नाहीत. उलट म्हणाल्या, असं लिहून दिलंस तर मला वर दाखवायला काहीतरी असतं. दहा मागितले होते, सहा मिळाले, फेब्रुवारीत आले. एप्रिलनंतर आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये खरेदी बंद होते त्यामुळे उरलेल्या चारांसाठी या वर्षी पुन्हा अर्ज दिलाय.

इकडे यायची तयारी करणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की मुलाखतीत पगार आणि घरभाडं विचारता तसं हेही विचारा. वर्गाच्या सामानासाठी वर्षाला किती मिळतात, मागणी कुणाकडे द्यायची, शेवटची तारीख कोणती, कॉपियरला कोटा आहे का. यात उद्धटपणा काही नाही, इथे असे प्रश्न विचारलेले चालतात. आणि स्वतःच्या पैशाने काही आणलंतच, मुलांसमोर राहवत नाही ते मला कळतं, तर पावती ठेवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा की हे शाळेने द्यायला हवं होतं.

बोर्डाच्या मीटिंगमध्ये कुणालाही उठून बोलता येतं, आमच्याकडे माणशी तीन मिनिटं देतात. पुढच्या महिन्यात मी नाव देणार आहे. एक मोडका काटा बरोबर नेईन म्हणते.

आपली,
एक मराठी शिक्षिका, टेक्सास